प्रोग्राम बाहेर कुठून पडतो?

2020 च्या ऑक्टोबरात धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, काढणीला आलेले सोयाबीन पावसात सापडले. विमा उतरवलेला होता, हप्ता भरल्याची पावती घरात होती. पण पंतप्रधान पीक विमा योजनेत अशा नुकसानीची पूर्वसूचना 72 तासांच्या आत द्यावी लागते, आणि अतिवृष्टीत वीज व मोबाइलची रेंज बरोबरच जातात हे मराठवाड्यात कुणाला सांगावे लागत नाही. लाखो शेतकऱ्यांची भरपाई त्या अटीवर अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. मे 2022 मध्ये खंडपीठाने आदेश दिला: जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून जास्त सोयाबीन उत्पादकांना विमा कंपनीने सहा आठवड्यांत भरपाई द्यावी, कंपनीने दिली नाही तर ती राज्य शासनाने द्यावी. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

या प्रकरणातले कायद्याचे मुद्दे वकिलांनी सांगावेत. पण संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्यात आपल्या रोजच्या कामातला एक जुना प्रश्न दिसल्याशिवाय राहत नाही. पहिल्याच अटीवर निर्णय संपला, तर खालच्या प्रश्नांचे काय होते? पीक खरोखर गेले का, किती गेले, आख्ख्या महसूल मंडळात किती जणांचे गेले, पंचनामा काय म्हणतो? हे सगळे प्रश्न यादीत असतात, पण त्यांच्यापर्यंत कोणी पोचतच नाही. नियम कागदावर असो वा कोडमध्ये, वाचणाऱ्याला वाटत राहते की सगळे तपासले जात आहे.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहून पाहू. प्रत्यक्षातली विमा प्रणाली कशी लिहिली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. उदाहरण म्हणूनच तो घ्यावा. दावा तपासणारे एक फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, आहे आणि ते बहुतेक नवे प्रोग्रामर लिहितात तसे लिहिले आहे:

दावा तपासा:
  जर 72 तासांत पूर्वसूचना नसेल, तर रिटर्न "नामंजूर"
  जर सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल, तर रिटर्न "नामंजूर"
  जर बँक खाते आधारशी जोडलेले नसेल, तर रिटर्न "प्रलंबित"
  नुकसानीची टक्केवारी काढा
  जर टक्केवारी शून्य असेल, तर रिटर्न "नामंजूर"
  भरपाईची रक्कम काढा
  रिटर्न "मंजूर", रक्कम

रिटर्न म्हणजे फंक्शनचे काम तिथेच थांबवून, हातात असलेले उत्तर घेऊन बाहेर पडणे. इथे सात ओळींत बाहेर पडण्याच्या पाच जागा आहेत. सात ओळी असल्यामुळे त्या डोळ्यांत मावतात. हेच फंक्शन दोनशे ओळींचे असेल आणि एकशेविसाव्या ओळीवर कुठेतरी आत दडलेले रिटर्न असेल, तर एकशेपन्नासावी ओळ कधी चालते हे सांगायला वरच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचाव्या लागतात. कारण त्या ओळीपर्यंत पोचण्याची खरी अट कुठेच लिहिलेली नसते. ती वरच्या प्रत्येक रिटर्नच्या उलट्या अटींची बेरीज असते, आणि ती बेरीज वाचणाऱ्याने मनात धरायची असते.

दुसरी अडचण क्रमाची. पूर्वसूचनेची अट पहिली का आहे? कदाचित ती सर्वात महत्त्वाची म्हणून, कदाचित लिहिणाऱ्याला ती पहिल्यांदा आठवली म्हणून. कोड ते सांगत नाही. पण निकाल मात्र त्या क्रमावर ठरतो. खाते जोडलेले नाही आणि नोंदही नाही, अशा दाव्याला वरच्या क्रमाने "नामंजूर" मिळेल. दोन ओळींची अदलाबदल केली तर "प्रलंबित". शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन शब्दांत एका हंगामाचे अंतर आहे.

तिसरी अडचण सर्वात साधी आणि लोकांना सर्वात जास्त सोसावी लागणारी. पहिली त्रुटी सापडली की फंक्शन बाहेर पडते, म्हणून अर्जदाराला एका वेळी एकच त्रुटी कळते. परंडा किंवा भूम तालुक्यातल्या गावातून माणूस सेवा केंद्रावर येतो, त्याला सांगितले जाते की सातबाऱ्यावर पीक नोंदलेले नाही. तो तलाठ्याकडे जातो, नोंद करून घेतो, पुन्हा येतो. आता कळते की खाते आधारशी जोडलेले नाही. बँकेत जाऊन पुन्हा यायचे. या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर छापून देता आल्या असत्या. संगणकाला त्यासाठी सेकंदाचा किरकोळ अंश जास्त लागला असता. ऑनलाइन फॉर्म भरताना एक चूक दुरुस्त केली की दुसरी लाल अक्षरात उगवते, तो अनुभव शहरातल्या वाचकांनाही आहे. त्यामागे बहुधा असेच, पहिल्या चुकीवर परत फिरणारे फंक्शन असते.

आता तेच फंक्शन जरा वेगळ्या पद्धतीने:

दावा तपासा:
  त्रुटींची यादी रिकामी ठेवा
  जर पूर्वसूचना वेळेत नसेल, तर यादीत घाला "पूर्वसूचना उशिरा"
  जर पिकाची नोंद नसेल, तर यादीत घाला "सातबाऱ्यावर नोंद नाही"
  जर खाते जोडलेले नसेल, तर यादीत घाला "खाते आधारशी जोडा"
  नुकसानीची टक्केवारी काढा
  निकाल = निकाल ठरवा (यादी, टक्केवारी, मंडळातले एकूण नुकसान)
  रिटर्न निकाल, यादी

बाहेर पडण्याची जागा एक, आणि ती शेवटी. तपासणी एकीकडे आणि निवाडा दुसरीकडे अशी कामाची वाटणी झाली. 72 तासांची अट गेली नाही, ती तपासली जातेच. पण ती आता निवाड्यासमोर ठेवलेला एक पुरावा आहे. संपूर्ण मंडळाचे पीक गेले असेल तर त्या अटीला किती वजन द्यायचे, हा धोरणाचा प्रश्न "निकाल ठरवा" या एकाच फंक्शनमध्ये, उघडपणे, लिहावा लागेल. तो ओळींच्या क्रमात लपून राहू शकत नाही. कृषी अधिकाऱ्याला, वकिलाला किंवा शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्याला हा कोड समजावून सांगायची वेळ आली, तर ते एक फंक्शन त्यांच्यासमोर ठेवता येते.

प्रोग्रामच्या वाटा सरळ असाव्यात, हा आग्रह संगणकाच्या सुरुवातीच्या दिवसांत नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये उभा राहिलेला टिफ्रॅक हा देशातल्या पहिल्या संगणकांपैकी एक. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याला हे नाव दिले. त्या पिढीच्या यंत्रांवर काम करणारे लोक थेट यंत्राच्या आज्ञा लिहीत, आणि यंत्राला वाट बदलण्याची एकच रीत माहीत असते: अमुक जागी उडी मार. आजच्या मोबाइलमधल्या प्रोसेसरच्या पोटातही तेच चालते. फोरट्रानसारख्या वरच्या पातळीच्या भाषा आल्या तेव्हा ती उडी गो टू या नावाने त्यांच्यात उतरली. प्रोग्राम मोठे होत गेले तशा या उड्या एकमेकींत इतक्या गुंतल्या की लिहिणाऱ्यालाही आपला कोड महिनाभराने उलगडेना.

1966 मध्ये कोराडो ब्योम आणि ज्युसेप्पे याकोपिनी या दोन इटालियन संशोधकांनी सिद्ध केले की उड्यांशिवाय भागते. एकामागून एक चालणाऱ्या ओळी, अटीनुसार निवड आणि अटीनुसार पुनरावृत्ती एवढ्यावर कोणताही प्रोग्राम लिहिता येतो. दोन वर्षांनी, मार्च 1968 मध्ये, एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचे गो टू विरुद्धचे पत्र अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आले. त्याचे गाजलेले शीर्षक डाइक्स्ट्राचे नव्हते. पुढे पास्कल भाषा तयार करणारे निक्लाउस वीर्ट तेव्हा संपादक होते, त्यांनी ते दिले. डाइक्स्ट्राचे म्हणणे असे की कागदावरचा प्रोग्राम स्थिर असतो आणि चालणारा प्रोग्राम काळात पुढे सरकत असतो. माणसाला स्थिर गोष्ट चांगली समजते, सरकणारी नीट समजत नाही. म्हणून कागदावर जे दिसते आणि यंत्रात जे घडते त्यांच्यातले अंतर शक्य तेवढे कमी ठेवले पाहिजे. अमुक ओळीवर बोट ठेवले तर आपण तिथे कसे आलो हे सांगता आले पाहिजे.

त्यातूनच एक शिस्त रुजली: प्रत्येक तुकड्यात शिरण्याची जागा एक आणि बाहेर पडण्याची जागाही एक. वीर्ट यांच्या पास्कलमध्ये मूळ रूपात रिटर्न किंवा ब्रेक (लूप, म्हणजे पुनरावृत्ती, मध्येच सोडण्याची आज्ञा) नव्हतेच. सी भाषेत मात्र ते होते, आणि महाराष्ट्रातली प्रोग्रामरांची पिढी सीवर वाढली. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे "लेट अस सी" हे पुस्तक हाताळले नाही असा अभियांत्रिकीचा विद्यार्थी सापडणे कठीण. धाराशिवच्या तेरणा ट्रस्टच्या महाविद्यालयापासून पुण्या-मुंबईच्या वसतिगृहांपर्यंत त्याच्या प्रती फिरल्या आहेत. गो टू टाळायचे असते हे तिथून सगळे शिकतात. ब्रेक, लूपची चालू फेरी अर्धवट सोडणारा कंटिन्यू आणि मधले रिटर्न ही त्याच घराण्यातली सभ्य मंडळी आहेत, आणि त्यांच्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही.

ब्रेकने काय होऊ शकते ते अमेरिकेने 15 जानेवारी 1990 रोजी पाहिले. त्या दुपारी एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन जाळे कोलमडले आणि सुमारे नऊ तास निम्म्याच्या आसपास कॉल लागेनात. जाळ्यात 114 मोठे स्विच होते आणि सगळ्यांवर महिनाभरापूर्वी घातलेले एकच नवे सॉफ्टवेअर. न्यू यॉर्कचा एक स्विच काही सेकंदांसाठी बंद पडला, सावरला, आणि "मी परत कामावर आलो" अशा अर्थाचे संदेश शेजाऱ्यांना धाडू लागला. पहिला संदेश हाताळत असतानाच दुसरा आला की शेजारचा स्विच गोंधळून स्वतःला बंद करून पुन्हा चालू करत असे. मग तोही परत आल्याचे संदेश धाडी, आणि त्याचे शेजारी पडत.

चूक सीमध्ये लिहिलेल्या एका तुकड्यात होती, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. एका लूपच्या आत एक स्विच विधान होते. स्विच विधान म्हणजे आलेला संदेश कोणत्या प्रकारचा आहे त्यानुसार वाट निवडणारी रचना. त्याच्या आत एक इफ, म्हणजे जर, त्याच्या आत आणखी एक इफ. आतल्या इफच्या एल्समध्ये, म्हणजे नाहीतरच्या वाटेत, ब्रेक लिहिलेला होता. लिहिणाऱ्याच्या मनात इफमधून बाहेर पडून पुढचे काम करायचे होते. पण सीमध्ये ब्रेकला इफ दिसतच नाही; तो सर्वात जवळचा लूप किंवा स्विच सोडतो. म्हणून तो आख्ख्या स्विचमधून बाहेर पडला. आलेला संदेश उघडून त्याचे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) जागेवर बसवण्याचे काम मधल्यामधे राहून गेले, आणि स्विचनंतरची ओळ ते झालेच आहे असे धरून चालू लागली. नको त्या जागी माहिती लिहिली गेली, ते यंत्राच्या ध्यानात आले आणि सुरक्षेसाठी त्याने स्वतःला बंद केले. कोड तपासणाऱ्यांनी तो पाहिला होता, चाचण्याही झाल्या होत्या. ब्रेक हा शब्द वाचताना तो कुठे नेऊन सोडणार हे त्याच ओळीत दिसत नाही, हीच या चुकीची मुळातली गोष्ट.

दुसरा प्रसंग ॲपलचा, फेब्रुवारी 2014 चा. आयफोन आणि मॅक संगणक इंटरनेटवर एखाद्या बँकेशी बोलतात तेव्हा समोरचा सर्व्हर खरोखर त्या बँकेचाच आहे का, हे एका फंक्शनमधून तपासले जाई. पायरी पायरीने तपासणी, आणि कुठे काही बिनसले तर फंक्शनच्या तळाला "फेल" या जागी उडी. एका इफखाली ती उडीची ओळ चुकून दोनदा पडली. महिरपी कंस नव्हते, म्हणून पहिली ओळ इफच्या ताब्यात राहिली आणि दुसरी बिनशर्त झाली. परिणामी त्याच्या खालची शेवटची, खरी स्वाक्षरी पडताळणारी तपासणी कधी चाललीच नाही. वर चूक नोंदवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये तोपर्यंत शून्य होते, आणि शून्य म्हणजे सगळे ठीक. फंक्शन "ठीक आहे" असे सांगून बाहेर पडे. त्याच वायफायवर बसलेला भामटा बँक असल्याची बतावणी करू शकत होता.

इथे महिरपी कंस वगळण्याची सवयही तितकीच दोषी आहे, हे मान्य करायला हवे. पण दुसरे एक कारण जास्त महत्त्वाचे वाटते. फंक्शन "यशस्वी" हे उत्तर हातात धरूनच वाट चालत होते, आणि अपयश सिद्ध झाले तरच ते बदलणार होते. सुरुवातीला उत्तर "पडताळले नाही" असे ठेवले असते, आणि सगळ्या तपासण्या पार पडल्यावर शेवटच्या एकाच जागी ते "पडताळले" झाले असते, तर तीच डुप्लिकेट ओळ पडूनही फोनने फार तर खऱ्या बँकेला नकार दिला असता. ती गडबड पहिल्या तासात लक्षात आली असती.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग रिटर्न शेवटीच, ब्रेक कधीच नाही, असा कडक नियम करून टाकू. तो नियम पाळून पाहिलेल्यांचे अनुभव मात्र संमिश्र आहेत. डोनाल्ड कनूथ यांनी 1974 मध्येच एक लांबलचक निबंध लिहून दाखवले की काही लूपमधून मध्येच बाहेर पडणे ही समस्येचीच गरज असते. ते टाळायला गेले की कोड लांबतो आणि अंधूक होतो. इलियट सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात लूपच्या मधून बाहेर पडण्याची सोय असलेली रचना नवशिक्यांना जास्त जमली. स्टॅनफर्डचे एरिक रॉबर्ट्स यांनी 1995 मध्ये अशा अभ्यासांचा आधार घेऊन शिक्षकांना विनवले की लूपमधून मध्येच बाहेर पडण्यावरची बंदी पुन्हा तपासा. मार्टिन फाउलर यांच्या 1999 च्या "रिफॅक्टरिंग" या पुस्तकात तर उलटाच सल्ला आहे: इफच्या आत इफ, त्याच्या आत इफ अशी उतरंड झाली की वरच्या अपवादांना सुरुवातीलाच रिटर्न देऊन मोकळे करा. अशा ओळींना प्रोग्रामर गार्ड क्लॉज म्हणतात.

आणि उतरंडीचा त्रास खरा आहे. पाच पातळ्या आत गेलेला कोड मोबाइलच्या पडद्यावर उजवीकडे पळून जातो, आणि कोणता एल्स कोणत्या इफचा हे बोटाने मोजावे लागते. एकच रिटर्न ठेवण्याच्या हट्टापायी अशी उतरंड केली, तर वाचनीयता वाढत नाही, घटते.

मग बाहेर पडण्याच्या जागा किती असाव्यात? धाराशिव जिल्ह्यातल्याच नळदुर्गात बोरी नदीवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणी महाल. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी धो धो कोसळते, लोक सोलापूर-हैदराबादेहून ते पाहायला येतात, आणि आतल्या खोल्या कोरड्या राहतात. सांडवे दोन आहेत, एकच असला पाहिजे असा हट्ट बांधणाऱ्याने धरला नाही. पण ते कुठे आहेत हे पक्के आहे, लांबून दिसते, आणि तिसऱ्या कुठल्या जागेतून पाणी आत झिरपू नये याची काळजी घेतली आहे. बाहेर पडण्याच्या जागांचा आकडा किती हा प्रश्न दुय्यम. त्या नजरेच्या टप्प्यात आहेत का, हा मुख्य.

त्या कसोटीवर काही गोष्टी निश्चित सांगता येतात. फंक्शनच्या अगदी वरच्या दोन-चार ओळींत, कुठलेही काम सुरू होण्यापूर्वी, "अर्जच रिकामा आहे" अशा निर्विवाद कारणासाठी परत फिरायला हरकत नाही. वाचणाऱ्याने त्या ओळी ओलांडल्या की पुढचा सगळा कोड "अर्ज आहे" या खात्रीवर वाचता येतो. मात्र एकदा काम सुरू झाले, फाइल उघडली, डेटाबेसमधल्या नोंदीला कुलूप लावले, रकमेतून काही वजा केले, की त्यानंतरच्या मधल्या रिटर्नला फार मोठे कारण हवे. कारण तिथून बाहेर पडताना फाइल बंद करायची राहते, कुलूप लागलेलेच राहते, आणि अर्धवट वजाबाकी तशीच पडून राहते. सहा महिन्यांनी कोणीतरी आणखी एक अट घालतो, तिच्यासोबत आणखी एक रिटर्न, आणि फाइल बंद करणारी ओळ तळाशी वाट पाहत राहते.

भाषा तयार करणाऱ्यांना हे ठाऊक असल्याचे दिसते. जावातले फायनली, पायथनमधले विथ, गो भाषेतले डिफर या सगळ्या सोयी एकाच कामासाठी आहेत: कुठूनही बाहेर पडा, आवरासावर झाल्याशिवाय राहणार नाही. सीमध्ये अशी सोय नाही, म्हणून लिनक्सचे कर्नल लिहिणारे लोक वेगळी युक्ती करतात. चूक झाली की ते गो टू वापरून फंक्शनच्या तळाशी असलेल्या आवरासावरीच्या जागी येतात आणि तिथून एकदाच बाहेर पडतात. डाइक्स्ट्राने ज्याला हद्दपार करायला सांगितले तोच गो टू इथे बाहेरची वाट एक ठेवण्यासाठी राबतो आहे. उडी नेहमी पुढे आणि नेहमी त्याच ठरलेल्या जागी असल्यामुळे ती वाचता येते.

लूपमध्ये बहुतेक वेळा ब्रेक लागतच नाही, फक्त थांबण्याची अट लूपच्या माथ्यावर आणायची असते. यादीत एखादे खाते शोधायचे आहे असे धरा:

खाते शोधा:
  क्रमांक = 1, सापडले = नाही
  जोपर्यंत यादी संपली नाही आणि सापडले नाही:
    जर या क्रमांकाचे खाते हवे तेच असेल, तर सापडले = होय
    नाहीतर क्रमांक एकने वाढवा
  रिटर्न सापडले, क्रमांक

इथे लूप का थांबला याची फक्त दोन कारणे असू शकतात आणि दोन्ही एकाच ओळीत लिहिलेली आहेत. लूपच्या पोटात काय आहे ते न वाचताही लूपनंतरची ओळ समजते. शोधाचे हे काम वेगळे छोटे फंक्शन म्हणून काढले असेल तर सापडताच रिटर्न केले तरी चालेल, कारण पाच ओळींच्या फंक्शनमध्ये काहीच लपत नाही. खरी गडबड होते ती याच लूपमध्ये कोणी खाते शोधता शोधता रकमा बेरजेला घेतो, मध्येच एका अटीवर कंटिन्यू, दुसऱ्यावर ब्रेक आणि तिसऱ्यावर रिटर्न टाकतो तेव्हा. अशा वेळी ब्रेक काढायच्या मागे लागण्याआधी लूपचे दोन लूप करावेत. बऱ्याचदा ब्रेकची गरज आपोआप सरते.

आणखी एक सवय स्वस्त आणि फार उपयोगी आहे. लांबलचक अटीला नाव द्यावे. इफच्या कंसात चार तुलना आणि तीन "आणि-किंवा" कोंबण्याऐवजी वर एक ओळ लिहावी, की "सूचना वेळेत होती" म्हणजे अमुक आणि तमुक. मग खाली फक्त ते नाव येते. उतरंड बऱ्याचदा कमी होते, आणि मधले रिटर्न टाकण्याचा मोहही.

कोडचे यंत्राच्या आज्ञांत भाषांतर करणाऱ्या कंपायलरला यातल्या कशानेच फरक पडत नाही. तो प्रत्येक फंक्शनचा एक आलेख काढतो: कोणत्या तुकड्यातून कोणत्या तुकड्यात जाता येते. मुंबईच्या आयआयटीत या शास्त्रावर दीर्घकाळ काम झाले आहे. धनंजय ढमढेरे यांनी कोड कार्यक्षम करण्याच्या पद्धतींवर संशोधन केले. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि त्यांच्या सहलेखिकेचे डेटा फ्लो विश्लेषणावरचे पुस्तक 2009 मध्ये आले. अशा विश्लेषणात आलेखाला एक सुरुवात आणि एक शेवट मानला जातो, आणि प्रोग्राममध्ये रिटर्न कितीही असले तरी सगळ्यांचे बाण त्या एका शेवटाकडे नेले जातात. यंत्र आपल्यापुरती सोय करून घेते. माणसाकडे तेवढी स्मरणशक्ती नसते, म्हणून ती सोय लिहिणाऱ्याने करून द्यायची.

जिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते तिथे हा विषय आवडीनिवडीवर सोडलेला नाही. मोटारींच्या सॉफ्टवेअरसाठी ब्रिटनमध्ये तयार झालेली मिस्रा ही नियमावली जगभर वापरली जाते, आणि पुण्यात वाहनउद्योगासाठी कोड लिहिणाऱ्या हजारो मराठी मुलामुलींना ती पाठ असते. तिच्या 2004 च्या आवृत्तीत फंक्शनमधून बाहेर पडण्याची जागा एकच आणि ती शेवटी, हा नियम बंधनकारक वर्गात होता. 2012 च्या आवृत्तीत तो राहिला, पण सल्ल्याच्या वर्गात गेला. हा बदल रास्त होता. नियम तयार करणाऱ्यांनी तेव्हा तत्त्व सोडले नाही, फक्त उतरंडीचा धोका ओळखून कोड लिहिणाऱ्या संघाला विचार करून ठरवण्याची मोकळीक दिली.

पीक विम्यासारख्या कामात आणखी एक गोष्ट येते: नियम बदलत राहतात. महाराष्ट्रात 2023 च्या खरिपापासून एक रुपयात विमा मिळू लागला. 2025 मध्ये ती योजना बंद झाली, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर देण्याचे ठरले. अशा वेळी सॉफ्टवेअरमधल्या पूर्वसूचनेच्या अटीचे काय करायचे? पहिल्या पद्धतीच्या कोडमध्ये ती ओळ काढली की आजवर तिथेच परत फिरणारे दावे पहिल्यांदाच खालच्या ओळींवर येतात, आणि त्या ओळी अशा दाव्यांसाठी कधी तपासलेल्याच नसतात. शिवाय जुन्या हंगामांचे वाद वर्षानुवर्षे चालतात, त्यांना जुनाच नियम लागतो, म्हणजे ओळ काढूनही टाकता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत तपासणी जशीच्या तशी राहते, "निकाल ठरवा" या फंक्शनला हंगाम ही एक माहिती जास्त द्यायची आणि तिथे एका जागी बदल करायचा.

आपल्या कोडची अवस्था पाहायची असेल तर साधने फुकट मिळतात. पायथनसाठीचे पायलिंट एका फंक्शनमध्ये सहापेक्षा जास्त रिटर्न दिसले की इशारा देते. जावासाठीच्या चेकस्टाइलमधला रिटर्न मोजणारा नियम चालू केला तर तो जास्त कडक आहे: उत्तर देणाऱ्या फंक्शनला दोन, आणि काहीच उत्तर न देणाऱ्याला एक. हे सगळे आकडे हवे तसे बदलता येतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मागच्या वर्षीचा स्वतःचाच प्रकल्प काढावा, त्यावर यांपैकी योग्य साधन चालवावे, आणि इशारा आलेले एक फंक्शन कागदावर छापून घ्यावे. मग प्रत्येक रिटर्नसमोर समासात पेन्सिलीने लिहावे: इथे पोचण्यासाठी वर काय काय खरे असावे लागते. ज्या रिटर्नसमोरचे वाक्य समासात मावत नाही, दुरुस्ती तिथून सुरू करावी.